मुद्दल हलतच नाही तेव्हा

गृहकर्जाचा पहिला वार्षिक उतारा घरात आला की चहा निवतो. समजा, भुसावळला रेल्वेत नोकरी आहे, जळगावात पिंप्राळ्याकडे ३८ लाखांचा फ्लॅट घेतला, त्यातले ३० लाख कर्जाचे. व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता २६,०३५ रुपये. वर्षभरात ३ लाख १२ हजार खात्यातून गेले. आणि मुद्दल किती उतरलं? साधारण ५९,७०० रुपये. बाकीचं सगळं व्याज. व्याजदर आहे तोच राहिला तरी निम्मं मुद्दल फिटायला जवळजवळ चौदा वर्षं लागतात. दहा नाही, चौदा.

अशा डोंगरासमोर कुणी सांगितलं की हप्त्याबरोबर महिन्याला हजार रुपये जादा भरा, तर मनात पहिलं येतं ते हेच, की तीस लाखांत हजाराने काय होणार? या शंकेला शास्त्रीय आधार आहे. एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात लोकांच्या हातात वजनं देऊन पाहिलं होतं. हातातलं वजन जितकं जास्त, तितका जाणवण्याजोगा फरकही मोठा लागतो. पैशाचंही बरंचसं तसंच होतं. भाजीबाजारात भरताच्या वांग्याला किलोमागे दहा रुपये जास्त सांगितले तर आपण भांडतो, आणि फ्लॅटच्या सौद्यात दहा हजार इकडेतिकडे झाले तर मान हलवून मोकळे होतो. तीस लाखांशेजारी ठेवलेला हजार मनाला दिसतच नाही.

हिशेबाला मात्र तो दिसतो. बँकेच्या परतफेडीच्या तक्त्यात दर महिन्याच्या हप्त्याची एक ओळ असते. पहिल्या हप्त्यात २१,२५० व्याजाचे आणि फक्त ४,७८५ मुद्दलाचे असतात. दुसऱ्या हप्त्यात मुद्दल ४,८१९ आणि व्याज २१,२१६. आता पहिल्या हप्त्यासोबतच ४,८१९ रुपये जादा भरले तर? दुसऱ्या महिन्याच्या ओळीतलं मुद्दल फिटलेलंच आहे, म्हणून पुढच्या महिन्यात तुम्ही थेट तिसऱ्या ओळीवर उभे राहता. ती ओळच कर्जातून गळाली आणि तिच्यासोबतचं २१,२१६ रुपयांचं व्याजही गेलं. परतफेडीचा हा तक्ता बँकेकडून मागून घ्या. त्यात जादूबिदू काही नाही, व्याज शिल्लक मुद्दलावर चढतं एवढंच त्याचं मर्म. पण तो तक्ता समोर ठेवून लाल पेनाने एक ओळ खोडणं आणि "चक्रवाढीचे फायदे" नुसते ऐकणं, यांत फरक आहे.

हजाराचं वजनही त्यावरूनच काढता येतं. पहिल्याच महिन्यात एकदा भरलेला जादा हजार विसाव्या वर्षाच्या शेवटी ५,४४१ रुपये वाचवतो, म्हणजे शेवटच्या हप्त्यातले सहा दिवस. दहा वर्षं झाल्यावर भरलेला हजार २,३३३ वाचवतो, पंधरा वर्षांनी भरलेला जेमतेम दीड हजार. आणि सुरुवातीपासून दर महिन्याला हजार जादा गेले तर कर्ज २४० ऐवजी २१९ महिन्यांत संपतं आणि व्याजाचे सुमारे ३ लाख ४० हजार वाचतात. दोन हजार गेले तर सव्वातीन वर्षं आधी सुटका.

पण खरी अडचण इथूनच सुरू होते. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगगडाकडे पायी निघालेली मंडळी रस्त्याने पाहिली असतील. मधल्या टप्प्यात पाय ओढत चालणारा माणूस गड नजरेत आला की झपाझपा चालायला लागतो. क्लार्क हल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली आणि पुढे उंदरांवर तपासली. सरळ बोळातून खाण्याकडे पळणारा उंदीर खाणं जवळ येईल तसा वेग वाढवतो. २००६ साली कॉफीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांवर असाच अभ्यास झाला. दहा कॉफ्यांवर एक फुकट असं कार्ड होतं, आणि कार्ड भरत आलं तशी माणसं लवकर लवकर कॉफी प्यायला येऊ लागली.

म्हणजे मनाचा जोर शेवटाला आणि रुपयाचा जोर सुरुवातीला. कर्जाच्या पहिल्या पाच वर्षांत, जेव्हा एक हजार साडेतीन ते पाच हजारांचं काम करतो, तेव्हाच भरायला सगळ्यांत जास्त कंटाळा येतो. आळशीपणाचा दोष देऊन हा गुंता सुटत नाही. मनाला शेवट जवळ दाखवण्याची काहीतरी सोय करावी लागते.

मिनजंग कू आणि आयेलेट फिशबाख यांनी २०१२ साली एक उपयोगी गोष्ट दाखवली. सोलमधल्या सुशीच्या हॉटेलात त्यांनी कार्डं वाटली. त्यांचं म्हणणं असं, की झालेलं आणि उरलेलं यांपैकी जो आकडा लहान असेल त्याकडे लक्ष ठेवलं तर हुरूप टिकतो. सुरुवातीला उरलेले २९ लाख पाहू नयेत, खोडलेल्या ओळी मोजाव्यात. दुसऱ्या ओळीनंतर तिसरी म्हणजे केवढी मोठी झेप! हजार-हजाराने पहिल्या वर्षी दोन-अडीच ओळी जातात. अर्ध्यावर आलं की चष्मा उलटा करायचा आणि उरलेल्या ओळी मोजायच्या.

दुसरी युक्ती जरा लबाडीची आहे. जोसेफ न्यून्स आणि झाविएर द्रेझ यांनी गाड्या धुणाऱ्या एका दुकानात कार्डं वाटली. काहींना आठ शिक्के जमवायचे होते, काहींना दहा, पण त्या दहांतले दोन आधीच मारलेले. काम दोघांनाही आठच धुलायांचं. पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यात ३४ टक्के. मग तक्ता कर्जाचा न काढता घराचा काढा. ३८ लाखांपैकी ८ लाख आपण आधीच दिलेत, सुरुवात शून्यावरून झालेलीच नाही. स्वतःलाच फसवतोय हे माहीत असूनही मला हे आवडतं.

हुरूप रोज लागू नये अशी व्यवस्था तर त्याहून बरी. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी जादा रक्कम आपोआप वळती व्हावी. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांच्या योजनेत कामगारांनी पुढच्या पगारवाढीतला वाटा बचतीला द्यायचं आधीच कबूल केलं होतं, आणि ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात न आलेला पैसा गेल्याचं दुःख होत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत वेतनवाढ जानेवारीत किंवा जुलैत लागते. तिच्यातले पाचशे रुपये आधीच बोलून ठेवावेत.

आपल्याकडे बऱ्याच घरांत एक पगार आणि थोडी शेती असते. कापूस, केळी यांचा पैसा महिन्याच्या ठोक्याने येत नाही. तिथे सणाचा खुंटा बरा. आठवडा, महिना, वर्ष यांच्या आरंभी माणसं नव्या जोमाने कामाला लागतात, हे २०१४ सालच्या एका अभ्यासात व्यायामशाळांच्या हजेरीवरून दिसलं. खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतं, तीच तारीख जादा भरण्याला का नसावी? फक्त त्यासाठी दिवाळीचा पैसा बचत खात्यात अडवून ठेवू नये. पैसा आला की भरा, अखाजीला ओळी मोजा.

बँकेत दोन गोष्टी बोलून घ्याव्या लागतात. जादा रक्कम मुद्दलात जमा करा, पुढच्या हप्त्याची आगाऊ भरणी म्हणून नको. आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. काही बँका किमान रकमेची अट घालतात. तसं असेल तर पैसा बाजूला साठवून एकदम भरावा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बंद केला आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा. उलट वेळेत फेडलेल्या पीककर्जावर ठरावीक मर्यादेपर्यंत केंद्राच्या सवलतीने व्याज चार टक्केच पडतं, ते आधी फेडायची घाई कशाला?

एवढं करूनही पाणी फिरू शकतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. खोडलेल्या ओळी तळाशी पुन्हा उगवल्यासारखं झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की अशा वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला निवडू द्या. ती निवड मागून घ्यावी लागते. आणि दर वाढला की जादा भरलेल्या रुपयाचं वजनही वाढतं, हे चिडलेल्या मनाला त्या दिवशी पटत नाही, चार दिवसांनी पटतं.

सोळा वर्षं उलटल्यावर भरलेला हजार शेवटी चौदाशेच वाचवतो. गड दिसू लागलेला असतो, म्हणून नेमकी तेव्हाच सगळं खरवडून भरायची सुरसुरी येते. पण त्या वर्षी लेक पुण्याला शिकायला निघाली असेल, तर ते हजार खुशाल तिच्या मेसला जाऊ द्यावेत.