पाळीव कुत्र्या-मांजरांचे निर्बीजीकरण (बेळगाव सीमाभाग)

कुत्र्या-मांजरांना पिल्ले होऊ नयेत म्हणून भूल देऊन केलेली कायमची शस्त्रक्रिया. मादीचे दोन्ही अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही काढतात. नराची दोन्ही वृषणे काढतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी घरांत नुसते ‘ऑपरेशन’, नराच्या बाबतीत ‘खच्ची करणे’ म्हटले जाते. बैलाला चिमटा लावून नस चेपण्याची रीत मात्र कुत्र्या-मांजरांना लावू नये. 2023 च्या केंद्रीय प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकाची आहे.

‘एक वेत होऊ द्या, मग करू’ हा गावोगावी मिळणारा सल्ला चुकीचा आहे. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीला आचळांच्या गाठींचा धोका फार कमी राहतो, आणि हा फायदा प्रत्येक माजागणिक घटत जातो. न केलेल्या, वय झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात माजानंतर एक-दोन महिन्यांत पू साठू शकतो. गर्भाशयाचे तोंड मिटलेले असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. कुत्री भांडे भांडे पाणी पिते, जेवण सोडते, पोट फुगते. तेव्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया जिवावरची असते.

मांजरी (भाटी) चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, म्हणून तिचे चार-पाच महिन्यांत उरकावे. लहान-मध्यम कुत्र्यांचे सहा महिन्यांच्या सुमारास. मोठ्या जातींत हाडे-सांधे भरेपर्यंत, म्हणजे 12 ते 18 महिने, थांबणे बरे. माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असल्याने रक्तस्राव वाढतो. म्हणून माज संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. गावठी कुत्र्यांचा माज भाद्रपदात जोरात असतो आणि गाभणकाळ जेमतेम 63 दिवसांचा, म्हणून मळ्यावरच्या कुत्रीसाठी चैत्र-वैशाखातली तारीख सर्वांत सोयीची. खानापूरकडच्या पावसात टाके कोरडे राहत नाहीत, माशी बसते आणि दोन दिवसांत जखमेत अळ्या पडतात.

आधी रेबीजची लस, जंताचे औषध आणि रक्ततपासणी. गोचीड असलेल्या कुत्र्याची प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) संख्या पाहिल्याशिवाय टेबलावर घेऊ नये: गोचीडतापात ती घसरते आणि एरवी किरकोळ ठरणारे रक्त थांबता थांबत नाही. मोठ्या जनावराला 8 ते 12 तास उपाशी ठेवतात, लहान पिल्लांना चार तास पुरतात. पोटात अन्न असेल तर भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात जाते. मुधोळ (कारवानी) कुत्रा असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अंगावर चरबी नसल्याने थायोपेंटॉनसारख्या औषधांची भूल त्याला उतरायला फार वेळ लागतो. सरकारी दवाखान्यातले संमतीपत्र कन्नडमध्ये असेल तर सहीआधी वाचून घ्यावे.

घरी आणल्यावर पहिले 24 तास महत्त्वाचे. अंडाशयाच्या देठावर बांधलेली दोऱ्याची गाठ सुटली तर रक्त पोटातच साचते, टाके वरून कोरडे दिसतात. म्हणून ओठ उचलून हिरडी पाहावी. बोटाने दाबल्यावर ती पांढरी होते आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. तशी न झाली, किंवा हिरडी मुळातच फिकट असली आणि जनावर उठेनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नये. गार फरशीवर निजवू नये. खाली पोते, वर चादर घालावी. भूल पूर्ण उतरेपर्यंत पाणी-दूध पाजू नये.

गळ्यातला कोन (जखम चाटता येऊ नये म्हणून घातलेली नरसाळ्यासारखी कॉलर) टाके काढेपर्यंत, म्हणजे 10 ते 14 दिवस, उतरवू नये. ‘बिचारे कंटाळले’ म्हणून काढलेल्या कोनापायी एका रात्रीत टाके चाटून उसवतात. जखमेवर हळद किंवा राख लावू नये. मांजराला पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नये, तो जीवघेणा ठरतो. बोक्याच्या अंडकोषाला सहसा टाके घालत नाहीत. ती छोटी चीर आपोआप मिटते.

नर शस्त्रक्रियेनंतरही महिनाभर पिल्ले देऊ शकतो, त्याला माद्यांपासून दूर ठेवावे. ज्याचे एक वृषण खाली उतरलेले नाही, त्याचे पोटातले वृषणही शोधून काढावेच लागते, कारण त्यात पुढे गाठ होण्याचा धोका जास्त. मादी काही महिन्यांनी पुन्हा माज दाखवू लागली तर अंडाशयाचा तुकडा आत राहिल्याची शक्यता असते. निर्बीजीकरणानंतर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते; भाकरी-दुधाचे माप सुमारे चौथ्या हिश्शाने कमी करावे.