मिठागराच्या बांधाला अडलेला उंदीर

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठच्या खाजणांत राहणारा हा उंदीर जगात दुसरीकडे कुठेच नाही. वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. मचूळ पाणी पचवतो, पोहतोही बरा. खाणं आणि लपणं, दोन्ही पिकलवीड या गुडघाभर उंचीच्या मांसल झुडपात. १९०८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, पण खाजणांची वाट लागायला त्याच्या पन्नास वर्षं आधीच सुरुवात झाली होती.

१८४९ च्या सुवर्णज्वरात, म्हणजे कॅलिफोर्नियात सोनं शोधायला, माणसांचे लोंढे आले. मग शेतीसाठी बांध घातले गेले, मिठागरं झाली. पूर्वी खाजण हळूहळू चढत माळाला मिळायचं; उधाण आलं की उंदीर चार पावलं वर सरकायचा. आता मागे उभा बांध. पौष-माघातल्या मोठ्या भरतीत पिकलवीड बुडतं, उंदीर शेंड्याला लटकतात आणि बगळे एकेक टिपतात. सुमारे १,९०,००० एकर खाजणांपैकी विसाव्या शतकाअखेर ४०,००० एकरच उरली.

उपसागरात भराव टाकणं थांबवण्याची मोहीम १९६१ मध्ये बर्कलीच्या तीन बायकांनी सुरू केली, तेव्हा उंदीर कुणाच्या डोक्यात नव्हता. त्यांना उपसागर वाचवायचा होता. १९७० मध्ये उंदीर संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आला. २००३ मध्ये सरकारने उपसागराच्या दक्षिणेकडची सुमारे १५,००० एकर मिठागरं विकत घेतली, त्यांची पुन्हा खाजणं करायला. २००९ मध्ये तर मंदीवर उतारा म्हणून आणलेल्या सरकारी खर्चाच्या विधेयकात उंदरावर तीन कोटी डॉलर उधळल्याचा आरोप वॉशिंग्टनमध्ये गाजला. विधेयकात उंदराचं नावही नव्हतं!

गेल्या शतकभरात इथला समुद्र सुमारे वीस सेंटिमीटर चढला. त्यातच भूजलाच्या उपशाने उपसागराच्या दक्षिण टोकाला सॅन होजेकडची जमीन काही ठिकाणी तेरा फूट खचलेली. म्हणजे नुसता बांध फोडला तर खाजण नव्हे, तळं मिळणार. आधी गाळ साचायला हवा. २००६ मध्ये तिथल्याच अल्विसोजवळच्या तीन मिठागरांचे बांध फोडले तेव्हा तो अपेक्षेपेक्षा लवकर साचला आणि पिकलवीड रुजलं.

उरला प्रश्न उधाणाचा. त्यासाठी आता बांधाच्या उतरणीला माती टाकून ती लांबवतात, तीस फुटांत एक फूट चढ इतकी सौम्य. काही खाजणांत मातीचे छोटे उंचवटे करून त्यावर गमप्लांटची झुडपं लावलीत. भरती वर आली की उंदीर त्यांत शिरतो आणि पाणी ओसरेपर्यंत तिथेच दबून बसतो.