पार्श्वभूमी: कोकणातल्या टोपात उकळणारी चहापूड

कोकणात पाऊस भरपूर आणि जांभ्याची माती आम्लधर्मी. चहाच्या झुडपाला दोन्ही मानवतं. तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गात चहाचे मळे नाहीत, कारण इथला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळून जातो. चहाला ओल वर्षभर हवी. पावसाळ्यानंतरचा लांबलचक कोरडा काळ त्याला सोसत नाही. परसातला गवती चहा निराळा. ते सुगंधी गवत, त्यात कॅफीन नसतं.

चहाचं झाड मूळचं नैऋत्य चीन आणि लगतच्या डोंगराळ पट्ट्यातलं. चिनी वाणाचं पान लहान, आसामीचं मोठं. आसामात सिंगफो लोक हे पान आधीपासूनच वापरत होते आणि १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला त्याची माहिती मिळाली ती त्यांच्याकडूनच. हे श्रेय त्यांना अजून पुरतं मिळालेलं नाही. १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात पोचला.

हिरवा, पांढरा, ऊलाँग आणि काळा हे चारही प्रकार याच झाडाचे. पान चुरगळलं की त्यातली विकरं (एन्झाइम) हवेशी मिळून ते तांबूस करतात. ही क्रिया वाफेने किंवा तापल्या कढईत लगेच थांबवली की हिरवा चहा, अर्धवट होऊ दिली तर ऊलाँग, पूर्ण झाली की काळा. पांढऱ्यासाठी कोवळ्या कळ्या न मळता सुकवतात.

आपल्या टोपातली पूड काळ्या चहाचीच, पण तिचा जन्म बराच अलीकडचा. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चरने सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) यंत्र बनवलं. दातेरी रूळ निरनिराळ्या वेगाने फिरतात, पान चिरडतात, फाडतात आणि त्याचे दाणे वळतात. दाणा बारीक, म्हणून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो आणि दुधातही टिकतो. अख्ख्या पानाचा दार्जिलिंग असा उकळणं म्हणजे त्याची नासाडी. त्यावर उकळतं पाणी ओतून तीन-चार मिनिटं झाकावं. हिरव्याला ऐंशी अंशांचं पाणी आणि दोन मिनिटं पुरतात, नाहीतर तो कडू होतो.

दोन कप चहाला एक कप पाणी, एक कप दूध आणि दोन लहान चमचे पूड. आलं आणि गवती चहा आधी पाण्यात उकळावा. कच्च्या आल्यातलं विकर दूध फाडतं, उकळल्यावर ते निकामी होतं. गूळ मात्र विस्तव बंद केल्यावरच घालावा. गरम दुधाशी उकळला तर चहा फाटण्याचा धोका असतो.

कारखान्यातून पूड निघते तेव्हा तिच्यात साधारण तीन टक्के ओल असते, त्यामुळे आपल्या पावसाळी हवेतलं पाणी ती पटकन ओढते. वासही तसाच धरते. घट्ट झाकणाचा डबा सुकट-बोंबलांच्या फळीपासून लांब ठेवावा आणि आषाढ-श्रावणात पाव किलोच्या वर पूड उघडू नये. सादळलेली पूड उन्हात घातली तर ओल जाते, पण उरलासुरला सुगंधही जातो.