आदत मैदान (सातारा–सांगली)

दुधाचे दात अजून न पडलेल्या, म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांच्या आतल्या खिलार जातीच्या खोंडांची बैलगाडी शर्यत. सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी, खानापूर, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात गावच्या यात्रेला जोडून अशी मैदाने भरतात. वयाचे बंधन नसलेल्या शर्यतीला ‘ओपन’ किंवा ‘जनरल’ म्हणतात; मधल्या वयांसाठी दुसा आणि चौसा असे गट असतात. मोठे बक्षीस ओपनचे. तरीही जाणकार मंडळी आदत चुकवत नाहीत, कारण पुढची काही वर्षे कोणते खोंड मैदान मारणार याचा पहिला अंदाज इथेच येतो.

वय ठरते ते दातावर. गोवंशाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, तेही आठ. नोंदणीच्या वेळी मालक वेसण धरतो आणि पंच खोंडाचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढून बघतो. बारीक, सुटे सुटे दुधाचे दात असले की आदत. मधली जोडी पडून तिथे रुंद कायमचे दात आले की दुसा, आणखी एक जोडी बदलली की चौसा आणि आठही बदलले की जनावर जुळले. हल्ली जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, पण त्यावरचे वय बहुधा मालकाने सांगितलेलेच असते. पंच त्याच्या भरवशावर राहत नाहीत. हलणाऱ्या दातावरून हुज्जत मात्र ठरलेली.

मुंबईत महालक्ष्मीला १९४३ पासून होणारी इंडियन डर्बीही ठरावीक वयाचीच शर्यत आहे, चार वर्षांच्या थरोब्रेड घोड्यांची. तिथे जन्माची नोंद असते आणि सगळ्या घोड्यांचे वय १ जानेवारीला एकदम वाढते. खोंडाचे तसे नसते. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोघांपैकी एकाचा दात आधी पडतो आणि तो आदतमधून कायमचा बाद होतो. दुसऱ्याला आणखी एक हंगाम मिळून जातो. त्यामुळे दात हलायला लागला की मालकाची धावपळ सुरू होते आणि खोंड मिळेल त्या मैदानावर उतरवले जाते. हे जनावराच्या हिताचे असतेच असे नाही.

शर्यतीची गाडी म्हणजे हलका छकडा. त्याला दोन जनावरे जुंपतात आणि वर एकच चालक असतो. एका गोठ्यात तोडीस तोड दोन खोंडे क्वचितच असतात. म्हणून दुसऱ्या मालकाचे खोंड जोडीला घेतात, त्याला पैरा म्हणतात. पैरा जमवताना वेगाइतकीच खांद, म्हणजे जनावर जुवाच्या कोणत्या बाजूला पळते तेही, पाहावी लागते: कोणी डाव्या खांदेला पळतो, कोणी उजव्या, आणि दोन्हीकडे पळणाऱ्याचा भाव अर्थातच चढा. काही मैदानांत ‘एक आदत, एक बैल’ असा नियम असतो. त्यात मुरलेला बैल नवख्या खोंडाला सरळ रेषेत ओढून नेतो. अशी जोडी पाहणे हे शुद्ध आदतपेक्षा जास्त रंगतदार, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

माळावर शेजारी शेजारी आखलेल्या पट्ट्यांना तास म्हणतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, झेंडा पडला की गटातल्या गाड्या एकदम सुटतात आणि गटात पहिली येणारी सेमी फायनलला जाते. म्हणजे फायनल जिंकणारे खोंड एका दिवसात तीनदा पळालेले असते. पुणे जिल्ह्यातील खेड-जुन्नरकडची रीत निराळी. तिथे घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, एकेक गाडा सुटतो, पुढे स्वारासह घोडी असते आणि निकाल घड्याळावर लागतो.

ही शर्यत खिलारच्या पैदाशीपासून वेगळी काढता येत नाही. लांबट चेहरा, मागे वळलेली टोकदार शिंगे आणि चपळ पाय असलेली ही जात सातारा, सांगली, सोलापूर आणि विजयपूर या भागातली. तिच्यातले म्हसवड आणि आटपाडी महाल हे प्रकार इथल्याच गावांच्या नावाने ओळखले जातात. आटपाडी स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानात होती. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो, तर खटाव तालुक्यातील पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षअखेर असते आणि तिथले बैलगाडी मैदान राज्यभर माहीत आहे. खोंड पळते कसे हे मैदानात दिसते आणि त्यावर बाजारात किंमत ठरते.

केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने बैलांच्या खेळांवर निर्बंध आणले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती बंदच राहिल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातील झरे परिसरात बंदी मोडून शर्यत झाली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

बंदीची सर्वांत मोठी झळ आदतलाच बसली. ओपनचा बैल एखादे वर्ष वाट पाहू शकतो. आदत वर्ष गेले की गेले. २०१४ ते २०२१ या काळात वयात आलेल्या खोंडांच्या पिढ्या मैदान न बघताच जुळल्या. त्यातच खिलार गाय दुधाला कमी. ती गोठ्यात राहते ती खोंडाच्या आशेवर, आणि खोंडाला गिऱ्हाईक नसेल तर शेतकरी तिच्या जागी संकरित गाय बांधतो. प्राणिमित्र संघटनांना हा युक्तिवाद मान्य नाही. जात टिकवायला जनावर पळवलेच पाहिजे असे नाही, असे त्या म्हणतात आणि चाबूक, शेपूट पिरगाळणे, टोचणे यांकडे बोट दाखवतात.

सध्या मैदानासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि जनावराची पशुवैद्यकीय तपासणी लागते. धाव १,००० मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही आणि चालकाच्या हाती काठी किंवा चाबूक चालत नाही. ढालीच्या जोडीला दुचाकी, ट्रॅक्टर, चारचाकी अशी बक्षिसे आली आहेत आणि मैदाने यूट्यूबवर थेट दिसतात. त्यामुळे आदत जिंकलेल्या खोंडाला मागणी आता परजिल्ह्यातूनही येते, आणि पुष्कळदा सौदा मैदानाच्या कडेलाच ठरतो.