ओटीतला कापूस आणि मॅट्रिक्सचा गुणाकार

परभणीकडं कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधतात. बोंडातला कापूस ओटीत, ओटी भरली की बांधावरच्या गाठोड्यात. एकेका बोंडासाठी कुणी बांधापर्यंत चकरा मारू लागलं तर मुकादम त्याला दुपारीच घरी पाठवेल. मी माझ्या लॅपटॉपकडून नेमकं तेच करून घेत होतो.

काम साधं होतं. १००० बाय १००० च्या दोन मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा, गुणाकार. पायथॉन भाषेत एकात एक तीन लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फेऱ्या, घातले. शंभर कोटी गुणाकार आणि जवळपास तितक्याच बेरजा. चहा करून, पिऊन आलो तरी पंखा घरघरतच होता. मग लूप पुसून नमपाय या पायथॉनच्या तयार गणिती लायब्ररीची एकच ओळ लिहिली. एंटर दाबलं, उत्तर हजर!

यातला मोठा वाटा पायथॉनच्या सुस्तीचा. पण हेच लूप सी भाषेत लिहिले तरी बरेच मागं पडतात. प्रोसेसर हिशोबाला वाघ आहे, त्याचा वेळ जातो आकड्यांची वाट बघण्यात. त्यासाठी त्याच्याजवळ कॅशे नावाची छोटी, वेगवान मेमरी असते, तीच ही ओटी. एका मॅट्रिक्सला ८० लाख बाइट लागतात आणि सगळ्यात जवळची ओटी साधारण ३२ ते ४८ किलोबाइटची. मेमरीतून एका खेपेत ६४ बाइट, म्हणजे एका ओळीतले शेजारशेजारचे आठ आकडे येतात. ओळीनं चाललं तर आठही कामी येतात. दुसऱ्या मॅट्रिक्सच्या स्तंभातून उभं उतरलं की एक वापरायचा आणि उरलेले सात बहुतेकदा तसेच सांडायचे.

लायब्ररी मॅट्रिक्सचे छोटे ठोकळे पाडते. एक ठोकळा ओटीत घेतला की त्यातला प्रत्येक आकडा होईल तितक्या वेळा वापरूनच सोडते. गुणाकार तितकेच, खेपा कमी.

नमपायसारख्या लायब्रऱ्यांच्या पोटात हे काम करणारा तयार कोडचा संच म्हणजे ब्लास. तो १९७९ मध्ये फोरट्रान भाषेतून आला, ठोकळ्यांचा भाग १९९० मध्ये, आणि त्यावर उभा राहिलेला, समीकरणं सोडवणारा लॅपॅक हा संच १९९२ मध्ये. या कामात आघाडीवर असलेल्या जॅक डोंगारांना २०२१ चं संगणकशास्त्रातलं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. काझुशिगे गोतो यांनी तर एकेका प्रोसेसरसाठी असेंब्ली या थेट प्रोसेसरच्या भाषेत हातानं कोड घासला. आजची ओपनब्लास ही लायब्ररी त्याच वळणाची.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवशी खटकली. माझं आणि नमपायचं उत्तर शेवटच्या काही अंकांत जुळेना. चूक तासभर शोधली. चूक नव्हतीच, ठोकळ्यांमुळं बेरजेचा क्रम बदलला होता. संगणक प्रत्येक बेरीज ठरावीक अंकांपर्यंतच ठेवतो, म्हणून क्रम बदलला की शेवटचे अंक हलतात. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ घाला, ०.६००००००००००००००१ येतं. शेवटचे दोन आधी मिळवा, सरळ ०.६.