बाभळीचं लाकूड नुसतं सरपण नाही

निफाडकडे गोदाकाठच्या काळ्या जमिनीत बांधावर बाभळी असतात, नांदूरमध्यमेश्वरला तर चक्क पाण्यात पाय सोडून उभ्या, आणि जेसीबी आला की पहिला नंबर त्यांचाच, तिथून थेट सरपणात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपली गावठी बाभूळ म्हणतोय हं, पिवळ्या गोंड्यांची, मण्यांच्या माळेसारख्या शेंगांची, वेडी बाभूळ वेगळी.

सागाचं वाळलेलं लाकूड घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, बाभळीचं ८०० च्या आसपास. त्यात धागे सरळ नसतात, एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे रंधा मारताना सुताराचा घाम निघतो पण दणका बसला की लाकूड सहज उभं फाटत नाही. म्हणून तर कुऱ्हाडीचा दांडा, औत आणि बैलगाडीचं चाक बाभळीचं.

चाकाला धाव, म्हणजे बाहेरून बसवायची लोखंडी पट्टी, चढवताना बघितलंय का कधी? लोखंडी धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात, आणि ६०० अंशांनी तापली तर सव्वाचार मीटर घेराची धाव जवळजवळ ३ सेंटीमीटर वाढते! तेवढ्यात ती चाकावर बसवायची नि लगेच पाणी ओतायचं, धूर, चर्र आवाज, आणि थंड होऊन आवळताना ती आरे (चाकाच्या दांड्या) तुंब्यात (मधल्या गाभ्यात) असे दाबते की सगळे सांधे घट्ट होतात. एवढा दाब सहन करायला लाकूडही तसंच लागतं.

आता कमजोरी. ताजं कापलं की बाहेरचा भाग पांढरट आणि आतला गाभा गुलाबी दिसतो, तो हवा लागून हळूहळू तांबूस तपकिरी होतो. पांढऱ्या भागात स्टार्च असतं आणि भुंगेऱ्याला तेच हवं असतं, मग लाकडातून पिठासारखा भुगा पडायला लागतो. जुने सुतार ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवायचे, त्याने स्टार्च बरंच निघून जातं, मग सावलीत सावकाश वाळवायचं. उन्हात घाई केली तर टोकांपासून तडे जातात, कारण लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही, खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जास्त आकसतं. टोकांना शेण किंवा जुना ऑइलपेंट फासला की टोकाकडून पाणी हळू उडतं.

आणि ओल्या लाकडात साधा खिळा ठोकू नका, लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड मिळून भोवती काळा डाग पडतो, तो नंतर पॉलिश मारलं तरी दिसतो. पितळी स्क्रू वापरा.