गाळात गवताचे पराग जास्त म्हणजे जंगल नव्हतं? असं नाही राजेहो

लोणार सरोवराच्या गाळात जुन्या काळचे परागकण थराथरानं साचलेले असतात, त्यावरून तेव्हा कोणती झाडं होती ते शोधतात. हा विषय निघाला की गावाकडं हे हमखास ऐकू येते, की ज्या झाडाचे परागकण जास्त तेच झाड तेव्हा जास्त होतं अन् ज्याचे सापडले नाही ते नव्हतंच. हे साफ चूक आहे.

कपाशीचंच बघा, तिचे परागकण मोठे, जड अन् चिकट, वाऱ्यावर उडतच नाहीत, म्हणून तलावाच्या काठापर्यंत पऱ्हाटी असली तरी तळाच्या गाळात तिचा कण क्वचितच मिळतो. पळस पाखरांच्या भरवशावर, साग कीटकांच्या. गवत मात्र वाऱ्यावर ढीगभर पराग सोडते, म्हणून मोजणीत तेच फुगून दिसते.

कणाचं कवच इतकं चिवट की हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये वाळू विरघळते पण ते टिकते, मग मायक्रोस्कोपखाली मोजणी, थराचं वय कार्बन १४ वरून (हा किरणोत्सारी कार्बन ठराविक वेगानं घटत जाते), अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजच्या जंगलातली वरची माती तपासून तिथं उभी झाडं किती अन् पराग किती याचा हिशोब लावतात. १९१६ साली स्वीडनचा भूगर्भशास्त्रज्ञ लेनार्ट फॉन पोस्ट यानं टक्केवारीचे आलेख मांडले, ते टक्के परागांचे, झाडांचे नाही. म्हणून गाळात सागाचे चारच कण दिसले तरी आसपास चांगला साग असू शकते.